हृदयाचा ताल आणि शस्त्रवैद्याचीं साधनें
(सुवर्णमहोत्सवाच्या सप्ताहांत आजाऱ्यांच्या दिवशीं केलेलें भाषण)



आजाऱ्यांच्या भेटीस गेलों असतां एक प्रश्न वारंवार कानीं येतो : "फादर, झडपेच्या शस्त्रक्रियेबरोबर डॉक्टर आणखी कांहीं करूं म्हणतात, होकार द्यावा काय?"

लहानपणच्या संधिज्वरानें हृदयाची झडप बिघडली, म्हणजे कालांतरानें हृदयाचे वरचे कप्पे पुष्कळदां नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरूं लागतात. यांत संकटें दोन. नाडी बेताल होऊन थकवा येतो, हें एक. डाव्या वरच्या कप्प्यास लागून असलेल्या लहानशा पिशवींत रक्त साकळून गुठळी मेंदूंत गेल्यास अर्धांगवायु होतो, हें दुसरें.

साधनेंही दोन प्रकारचीं आहेत. हृदयाचा ठोका सूक्ष्म विद्युत्प्रवाहानें पडतो, आणि व्रणांतून तो प्रवाह जात नाहीं. हें जाणून १९८७ सालीं अमेरिकेंतील सेंट लुइस येथें डॉ. जेम्स कॉक्स यांनीं कप्प्यांच्या भिंती ठराविक रेषांवर कापून पुनः शिवल्या. प्रवाहास भरकटण्याच्या वाटा बंद झाल्या. आज तेच व्रण बहुधा उष्णता देणाऱ्या चिमट्यानें किंवा गोठविणाऱ्या सळईनें उमटवितात. कांहींना पुढें पेसमेकर लागतो, हेंही ध्यानीं असावें.

पिशवी मात्र टांक्यांनीं, स्टेपलनें अथवा बाहेरून बसविलेल्या क्लिपनें बंद करितात. अन्य कारणासाठीं हृदयाची शस्त्रक्रिया होणाऱ्या अशा ४,७७० रोग्यांचा अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पिशवी बंद केलेल्यांपैकीं शेंकडा ४.८ जणांस, व न केलेल्यांपैकीं शेंकडा ७ जणांस अर्धांगवायु किंवा गुठळीचा तत्सम विकार झाला. परंतु त्यांतील बहुतेकांचें रक्त पातळ ठेवणारें औषध चालूंच होतें. म्हणून क्लिप बसली तरी तें औषध आपल्या मनानें सोडूं नका.

तेव्हां होकारापूर्वीं डॉक्टरांस निःसंकोच विचारा : हें साधन ताल सुधारण्यासाठीं कीं गुठळी रोखण्यासाठीं? माझ्या वयास व शक्तीस तें झेपेल काय?

पोप बारावे पायस यांनीं १९५७ सालीं भूलतज्ज्ञांस सांगितलें कीं, जीवरक्षणाचे सामान्य उपाय करणें हें कर्तव्य आहे. फार मोठा भार घालणारे उपाय बंधनकारक नाहींत. यास्तव विचारपूर्वक दिलेला होकार जसा निर्दोष, तसा भार न सोसणाऱ्या वृद्धाचा नकारही अश्रद्धा नव्हे. घरच्यांनीं त्यास दूषण देऊं नये.

आणि शस्त्रक्रियेपूर्वीं धर्मगुरूस अवश्य बोलवा. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग केवळ मरणोन्मुखांसाठीं नाहीं.

येशूचें पवित्र हृदय आपणां सर्वांस धीर देवो.