कागदांची त्रिस्थळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



'कर, कागदपत्रे आणि घरव्यवस्था' हा विषय कार्यवाहांनी आम्हांला दिला, तेव्हा आमची थोडी पंचाईतच झाली. ज्या व्यासपीठावर आपण कीर्तने ऐकली, संतवाङ्मयावरची व्याख्याने ऐकली, तेथे सातबारा आणि पासबुक घेऊन उभे कसे राहावे? परंतु विचार करता ध्यानात आले की, काशीतल्या मराठी माणसाला हा विषय मुळीच परका नाही. मूळच्या पैठणच्या आणि येथे स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया ह्या तीन क्षेत्री यात्रेकरूने काय करावे, कसे करावे, ह्याचे ते शास्त्रोक्त मार्गदर्शन. ह्याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ साली शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण दूरदेशी आलेल्या साध्या माणसाची नड ओळखून त्याच्या हाती विधींचा क्रम देणे, हेही त्या घराण्याचे थोर कार्यच होते.

आजच्या गृहस्थालाही एक त्रिस्थळी करावीच लागते. नगरनिगम, बँक आणि गावचा तलाठी ही ती तीन स्थळे. फरक इतकाच की, ही यात्रा घरातील कर्ता माणूस गेल्यावर, दुःखाने खचलेल्या माणसांना करावी लागते. आणि ती सुखरूप व्हावी, ह्याची तजवीज गेलेल्या माणसानेच आधी करून ठेवायची असते. आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे.

प्रारंभी एक कबुली देतो. केंद्र सरकारच्या नोकरीत आमची तीन दशके गेली. 'कागदपत्रे अपूर्ण, सबब परत' हा शेरा आम्ही किती अर्जांवर मारला असेल, ह्याची गणती नाही. तो मारताना हात कधी अडखळला नाही. पुढे आमचे वडील निवर्तले आणि आईच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज आम्ही एका कार्यालयात दिला. तो तोच शेरा घेऊन परत आला.

कारण साधे होते. आईचे माहेरचे नाव एक. तिच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर तेच होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेले सासरचे नाव दुसरे. वडिलांच्या निवृत्तिवेतनाच्या आदेशात ते होते. आणि येथील रिवाजाप्रमाणे शिधापत्रिकेवर कोणा लेखनिकाने नावापुढे 'देवी' जोडून आडनाव गाळून टाकलेले. पासबुकावर आणि आधारपत्रावर तेच उतरले होते. चौदा महिने निवृत्तिवेतन अडकले. एके सायंकाळी आई म्हणाली, "मी एकटीच आहे रे, पण तुमच्या सरकाराला तिघी दिसतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. वडिलांनी हयातीत दोनतीनदा 'हिच्या नावाचे तेवढे बघ' असे सांगितले होते, आणि आम्ही 'बघू पुढे' म्हणून ते टाळले होते. दोष कार्यालयाचा नव्हता, आमचा होता.

म्हणून पहिली सूचना नावाची. आपल्या चालीप्रमाणे मधले नाव वडिलांचे वा पतीचे. येथे मधल्या नावाची पद्धतच नाही. त्यामुळे एकाच घरातील कागदांवर एकाच व्यक्तीची नाना रूपे आढळतात. आज घरी गेल्यावर प्रत्येकाचे आधारपत्र, पॅन, पासबुक आणि शाळेचा दाखला शेजारी शेजारी मांडावा. नाव, त्याचे स्पेलिंग आणि जन्मतारीख ताडून पाहावी. तफावत असेल, तर ज्याच्यावरून बाकीचे जुळवायचे असा एक कागद ठरवून, माणूस हयात असतानाच दुरुस्ती करावी. जुने व नवे नाव एकाच व्यक्तीचे असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. विवाहनोंदणीचा दाखला असेल, तर तो त्याला जोडावा. निवृत्तिवेतनधारकांनी आपल्या आदेशातील पत्नीचे वा पतीचे नाव आणि जन्मतारीख डोळ्यांखालून घालावी, आणि चूक असल्यास ज्या कार्यालयातून निवृत्त झालो तेथे लेखी कळवावे. निवृत्तिवेतनाचे खाते पतिपत्नींच्या संयुक्त नावाने असणेही हिताचे. पुढे नव्या खात्याची खटपट वाचते.

आता पहिले स्थळ, नगरनिगम. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यानुसार मृत्यूची नोंद, तो जेथे घडला तेथेच होते. ह्या नगरीत ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी लागते. महाराष्ट्रातून वृद्ध आप्त काशीवासासाठी वा यात्रेसाठी येतात आणि काही येथेच देह ठेवतात. दिवस उरकून मंडळी पुण्याला वा नागपूरला परततात आणि तेथील महापालिकेत दाखला मागतात. तो तेथे मिळत नाही. शहरात मृत्यू झाला असेल, तर वाराणसी नगरनिगमाकडेच यावे लागते. मणिकर्णिकेवर वा हरिश्चंद्र घाटावर मिळणारी दाहसंस्काराची पावती जपून ठेवावी. पण ती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर विलंबशुल्क, एक महिना उलटला की वरिष्ठ निबंधकाची लेखी परवानगी, आणि वर्ष लोटले की दंडाधिकाऱ्याचा आदेश, असा मार्ग अवघड होत जातो. रुग्णालयात मृत्यू झाल्यास कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झाल्यास ती कुटुंबप्रमुखाची. तेरा दिवसांच्या विधींत हे चौदावे काम कोणा एकाकडे नेमून द्यावे. कळवताना मृताचे नाव आधारपत्रावर आहे तसेच लिहून द्यावे.

जन्मनोंदणीविषयीही एक वाक्य. १ ऑक्टोबर २०२३ रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत, शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत, जन्माची तारीख व स्थळ सिद्ध करण्यास जन्मदाखलाच आधारभूत ठरवला आहे. बारशाला नाव ठरले की ते त्या नोंदीत घालून घेण्यास विसरू नये.

दुसरे स्थळ, बँक. येथे नामनिर्देशनाचा प्रश्न येतो. 'नॉमिनी लावला म्हणजे पैसा त्याचा झाला' अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती बरोबर नाही. नामनिर्देशित व्यक्तीला बँक रक्कम देते आणि आपल्या जबाबदारीतून मोकळी होते. पण त्या रकमेवरचा हक्क वारसांचा वा मृत्युपत्रानुसार ज्याचा असेल त्याचा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने बँकेतील ठेवींबाबत हे २०१० साली, आणि कंपन्यांच्या शेअरांबाबत २०२३ साली स्पष्ट केले. तरीही नामनिर्देशन अवश्य करावे, कारण पैसा वेळेवर हाती येण्याचा तोच सोपा मार्ग. ते झालेले असेल आणि कागद पूर्ण असतील, तर बँकेने दावा १५ दिवसांत निकालात काढावा, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्यावर चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते, आणि प्रत्येकाचा हिस्साही नेमून देता येतो. ज्यांचे नामनिर्देशित आप्त आधीच कैलासवासी झाले आहेत, त्यांनी ते तत्काळ बदलावे. दहा वर्षे कोणी न मागितलेल्या ठेवी बँकांकडून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार जागृती निधीत वर्ग होतात. वारसाचा हक्क त्याने बुडत नाही. मात्र खाते होते हेच घरात ठाऊक नसेल, तर मागणार कोण? अशा ठेवींचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ साली 'उद्गम' हे संकेतस्थळ उघडले आहे.

वाटपाची इच्छा सांगायची असेल, तर मृत्युपत्र करावे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. साक्षीदार लाभ मिळणाऱ्यांपैकी नसावेत, आणि शक्य तर आपल्याहून वयाने लहान असावेत, हे आमचे मत.

बँकेबरोबर आयकर येतोच. ठेवीवरील व्याजातून कर कापला गेला म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे अनेक ज्येष्ठ मानतात. कापलेला कर हा हिशेबातला हप्ता आहे. देय कमी असेल तर विवरणपत्र भरूनच तो परत मिळतो, आणि अधिक असेल तर उरलेला भरावा लागतो. दुसरे असे की, माणूस गेला तरी त्याचे त्या वर्षीचे विवरणपत्र उरते. मृत्यूच्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने प्रतिनिधी म्हणून भरायचे असते. म्हणून पॅन लगेच रद्द करण्याची घाई करू नये. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली. कलमांचे आकडे बदलले. पावत्या जपून ठेवण्याची गरज बदलली नाही.

तिसरे स्थळ, गावचा तलाठी. आपल्यापैकी कित्येकांची थोडीबहुत जमीन आजही कोकणात वा देशावर आहे. 'आहे आपली गावी' एवढ्या वाक्यावर दोन दोन पिढ्या निघून जातात. आमच्या सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव होते. वडिलांनी वारसनोंद केली नाही, आम्हीही केली नाही. शेवटी नोंदीला बसलो तेव्हा वारसांची संख्या अकरा झाली होती, आणि ते पाच शहरांत विखुरले होते. महाराष्ट्राच्या जमीन महसूल संहितेनुसार वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत कळवायचा असतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावे असलेले प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करावा; फेरफाराची नोंद होते आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. हा अर्ज आता काशीत बसूनही 'ई-हक्क' प्रणालीवर करता येतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो. वारसांत मुलींची नावे गाळू नयेत. वडिलार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच हक्क २००५ च्या दुरुस्तीने मिळाला आहे. ज्यांनी येथे शेतजमीन घेतली आहे त्यांच्यासाठी सातबाऱ्याच्या जागी खतौनी, तलाठ्याच्या जागी लेखपाल आणि वारसनोंदीच्या जागी वरासत. तेथील शेतजमिनीच्या वारसाचे नियमही निराळे आहेत. ते विचारून घ्यावेत.

एवढे सगळे लक्षात कसे ठेवावे? लक्षात ठेवूच नये, लिहून ठेवावे. त्याचा धडा आम्हांला येथेच मिळाला. आईचा अर्ज अडकला होता, त्या दिवसांत आम्ही आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेलो. आजोबा प्रथम यात्रेकरू म्हणून काशीस आले, तेव्हा त्यांनी उपाध्यायांच्या वहीत आपल्या कुळाची नावे लिहिली होती, आणि खाली मोडी सही केली होती. त्याखाली वडिलांचा लेख होता. लग्नानंतर आईला घेऊन ते तेथे गेले असताना त्यांनी तिचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे एकाच ओळीत लिहून ठेवली होती. त्या ओळीला कार्यालयात किंमत नव्हती. पण ती वाचून आई कितीतरी वेळ त्या पानावरून बोट फिरवत राहिली. प्रत्येक पिढी स्वतःच्या हाताने लिहीत आली म्हणून ती वही टिकली, आणि पुढच्याला मागचा सापडला.

तशीच एक वही घरात असावी. तीत कुटुंबातील प्रत्येकाचे पूर्ण नाव व बदललेली नावे, खाती, ठेवी, विमा, निवृत्तिवेतनाचा आदेश, जमिनीचे गट क्रमांक, नामनिर्देशन कोणाचे, देणे-घेणे किती, आणि मूळ कागद कोठे ठेवले आहेत, हे लिहावे. सांकेतिक शब्द तीत लिहू नयेत. ते बंद पाकिटात ठेवावेत आणि पाकीट कोठे आहे एवढेच वहीत सांगावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ती वही कुलपात आहे आणि किल्ली फक्त आपल्याच जानव्याला आहे, असे नसावे. पत्नीला, मुलीला, सुनेला ती वाचता आली पाहिजे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी व्यापारी वहीची पूजा करतात. येत्या लक्ष्मीपूजनाला आपण प्रत्येकाने ही घरची वही पाटावर ठेवावी, आणि दरवर्षी त्याच दिवशी तीतील नोंदी ताज्या कराव्यात. आईचे निवृत्तिवेतन पुढे सुरू झाले. पण थकबाकीची रक्कम हाती आल्यावर ती एवढेच म्हणाली, "आता सूनबाईच्या नावाचे बघ." ते काम आम्ही त्याच आठवड्यात केले. आपणही करावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.