गाठ तिची, सही कोणाची?

(जुन्नर-आंबेगाव परिसरातील महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



माझ्या आत्याच्या छातीत गाठ निघाली, तेव्हा एका दवाखान्यात तिला बाहेर बाकावर बसवलं आणि आत बोलावलं तिच्या मुलाला आणि दिराला. वीस मिनिटांनी दोघे ऑपरेशनची तारीख घेऊनच बाहेर आले. आत्याला एवढंच सांगितलं, "गाठ काढायचीय." शुद्धीवर आल्यावर तिनं हात लावून पाहिलं तेव्हा कळलं, स्तनच नाही. पुढे ती बरीच वर्षं जगली, त्यामुळे ऑपरेशन चुकलं असं मी म्हणत नाही. पण आपल्याला कुणी विचारलं नाही, हे ती शेवटपर्यंत विसरली नाही.

कायदा काय म्हणतो? समीरा कोहली यांच्या खटल्यात त्या भुलीखाली असताना आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले होते. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान बाईच्या वतीनं आईची संमतीही चालत नाही. उपचार काय, पर्याय कोणते, धोके कोणते, उपचार न घेतल्यास काय होईल, हे तिलाच सांगायला हवं. मग दिराची सही कुठून चालणार?

पण नुसतं "सांगा" म्हणून भागत नाही. घाबरलेल्या बाईला डॉक्टरांचं बोलणं अर्धं ऐकू येतं, अर्धं कळत नाही. यासाठी आता निर्णयाला मदत करणारे तक्ते, पुस्तिका, फिल्म वापरतात. अमुकच करा, असं हे साधन सांगत नाही, पर्याय शेजारी शेजारी मांडून दाखवतं. अशा साधनांच्या दोनशेहून अधिक चाचण्यांचा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ती वापरणाऱ्यांना माहिती जास्त कळते, धोक्याचा अंदाज जास्त बरोबर येतो आणि निर्णयात त्यांचा स्वतःचा वाटा वाढतो, असं त्यात दिसलं.

एक उदाहरण घेऊ. इटलीत मिलानला १९७३ ते १९८० या काळात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ बायकांचे दोन गट केले. एका गटात पूर्ण स्तन काढला. दुसऱ्यात गाठ आणि भोवतीचा भागच काढून किरणोपचार दिले, ज्याला आपल्याकडे 'लाइट देणं' म्हणतात. वीस वर्षांनंतरचा हिशोब २००२ साली छापून आला. मृत्यूचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखं, कोणत्याही कारणानं धरून शंभरात ४१-४२. फरक एवढाच, की स्तन राखलेल्यांत शंभरात सुमारे ९ जणींना त्याच बाजूला पुन्हा कॅन्सर झाला, काढलेल्यांत सुमारे २ जणींना. टक्केवारी म्हटली की चेहरे कोरे होतात. म्हणून मी कापडावर शंभर टिकल्या लावल्या आणि नऊ लाल केल्या. निरक्षर आजीलाही ते लगेच कळतं.

मात्र आपल्याकडे गाठ पुष्कळदा मोठी झाल्यावर बाई येते. तेव्हा पहिला प्रश्न हा, "माझ्या गाठीला हे दोन्ही पर्याय आहेत का?" तो डॉक्टरांनाच विचारायचा. विचार करायला काही दिवस घेतले तर सहसा बिघडत नाही, महिने मात्र घालवू नका.

परदेशी पुस्तिकेत नसलेला एक रकाना आपल्याला घालावा लागेल. लाइट घ्यायला पुण्यात आठवड्यातून पाच दिवस हजर राहायचं, तीन आठवडे किंवा त्याहून जास्त. आहुप्याच्या बाईनं रोज जाऊन-येऊन ते करायचं कसं? २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, महात्मा फुले योजनेतून उपचारही होऊ शकतात. पण खोलीचं भाडं कोण देणार? म्हशीची धार कोण काढणार, भातलावणी आली तर? म्हणून बाई म्हणते, "काढूनच टाका." सगळं कळल्यावर म्हणाली तर तो तिचा निर्णय, आपण नाकं मुरडायची नाहीत. पण पुण्यात राहण्याची सोय नाही म्हणून म्हणाली असेल, तर ती सोय मागणं हे आपलं काम.

उलट बाजूही आहे. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. "ठेवलं तर कॅन्सर होईल" या भीतीनं कितीजणींची पिशवी निघाली! आपल्या कारखान्यांवर तोडीला येणाऱ्या बायकांनाही तक्ता दाखवायला हवा, आणि त्यात 'काहीच न काढता औषध घेऊन पाहणं' हाही रकाना हवा.

तक्ता घेऊन जाल तेव्हा नवऱ्याला, सासूला हाकलू नका; बसू द्या. फक्त कापड बाईच्या मांडीवर ठेवा आणि पहिला प्रश्न तिला विचारू द्या.

तो टिकल्यांचा कपडा मी आज आणलाय. मागच्यांना दिसत नसेल तर पुढे या, हात लावून बघा.