गडाच्या पायथ्याशी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला 'उन्हाळ्यातल्या सहली'. मी म्हटले, अहो, आमच्या लहानपणी सहल हा शब्दच घरात नव्हता. आम्ही जत्रेला जात असू, नाहीतर उत्सवाला जात असू. त्यावर त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा." तेव्हा बोलणे लांबले तर दोष त्यांचा.

माझे माहेर महाडचे. चैत्र लागला की घरात दोन गोष्टी सुरू होत, कैरीची डाळ आणि रायगडाचे बेत. छत्रपती शिवाजी महाराजांचे निर्वाण 1680 साली चैत्री पौर्णिमेला रायगडावर झाले. हनुमानजयंतीही त्याच दिवशी. त्यामुळे देवाचा उत्सव आणि देशाचा उत्सव असे दोन्ही एकाच दिवसात पदरात पडत. 1896 साली लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गडावर जो उत्सव झाला, त्याच्या गोष्टी आमचे अण्णा अशा सांगत, की जणू ते स्वतः तिथे हजर होते. प्रत्यक्षात त्यांचा जन्म त्यानंतर चोवीस वर्षांनी झाला.

मी सांगते आहे ते साल 1959. मी अकरा वर्षांची होते. महाडहून गड सुमारे पंचवीस किलोमीटर. चतुर्दशीच्या रात्री जेवणे आटोपून आळीतल्या तीन बैलगाड्या निघत. चांदणे पिठासारखे पडलेले, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि गाडीत आम्ही सात-आठ मुले एकमेकांच्या पायांवर पाय टाकून झोपलेली. सूर्योदयाला वाटेतल्या मारुतीच्या देवळापाशी गाड्या थांबत. तिथे जन्म होई, सुंठवडा हातावर पडे, आणि झोप उडे.

पण मैत्रिणींनो, ह्या सहलीची सुरुवात खरे तर आदल्या दिवशी पहाटे चार वाजता चुलीपाशी होई. उन्हात टिकाव्या म्हणून दुधात भिजवलेल्या पन्नास-साठ दशम्या, लसणाची चटणी, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैऱ्यांचा गूळ घालून कालवलेला गर, मुलांच्या टोप्या, तान्ह्याची दुपटी. हे सगळे आई करी. आणि गाडी पाचाडला पोचली की आई तिथेच उतरे आणि तिथेच राही. कारण दर वर्षी कोणीतरी मांडीवर असेच. आम्ही भावंडे सहा, म्हणजे हिशेब करा.

आम्ही वर जात असू. चढताना पायांत गोळे येत, मग गंगासागराचे पाणी दिसे, मग बाजारपेठ, जगदीश्वराचे देऊळ आणि समाधी. भाषणे होत. आमच्या अण्णांनाही एकदा बोलायला सांगितले होते, ते ह्याच वर्षी. ते हिरकणीवर बोलले. कोजागिरीला दूध घालायला गडावर आलेली गवळण, दरवाजे बंद झालेले, आणि घरी पाळण्यात तान्हे मूल, म्हणून रात्री कडा उतरून गेलेली ती आई. दंतकथाच ती, पण अण्णांनी अशी रंगवली की बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. टाळ्या झाल्या. मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी उतरल्यावर मी आईला सगळे भाषण म्हणून दाखवले. ती आमच्या धाकट्याला थोपटत होती. ती म्हणाली, "ती खाली उतरली आणि मी वर चढले नाही. कारण एकच." एवढेच बोलली आणि मला विचारले, "दशम्या पुरल्या का गं?" ह्यावर काय बोलावे हे मला अकराव्या वर्षी सुचले नाही. खरे सांगायचे तर अजूनही सुचत नाही. अण्णा वाईट नव्हते हो. त्यांना ते दिसलेच नाही, इतकेच.

दिवसभर ती काय करी हे मी फार उशिरा विचारले. ती म्हणाली, जिजाऊसाहेबांच्या समाधीपाशी सावलीत बसत असे. जिजाबाईंचे देहावसान पाचाडलाच झाले, राज्याभिषेकानंतर बाराव्या दिवशी. "त्याही खालीच राहत होत्या," आई म्हणे, "वरची हवा सोसत नव्हती म्हणून. मला सोबत बरी होती."

उत्सवांबद्दल बोलते आहे तर आणखी एक सांगून टाकते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पंचवीस किलोमीटर बैलगाडीतून गडावर नेणाऱ्या आमच्या मंडळींनी त्या दिवशी आम्हाला तळ्यावर एकदाही नेले नाही. मी गेले ती लग्नानंतर, नवऱ्याबरोबर. हे सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगायचे राहिले तर तो अधिक वाटेल.

1996 साली रायगडाला रोपवे झाला. पुढच्याच वर्षी आईला मी वर घेऊन गेले. तिचे वय एकाहत्तर. चार-पाच मिनिटांत पाळणा वर पोचला. "एवढेच होते होय!" ती म्हणाली, आणि मग बराच वेळ बोलली नाही. दर्शन झाले, समाधीवर डोके टेकून झाले. मी तिला राजसदर दाखवू लागले, पण तिचा हट्ट एकच, की पाचाड कुठून दिसते ते दाखव. एका तरुणाने हात धरून कड्याच्या अलीकडे नेले. खाली घरे अगदी काड्यापेट्यांएवढी. ती डोळ्यांवर हात धरून शोधत राहिली. "तिथे बसत होते मी," ती म्हणाली. "तुम्हाला वरून दिसत असेन असे वाटायचे."

आम्ही कधी पाहिलेच नव्हते खाली.

असो. येत्या चैत्रात मंडळाची सहल रायगडाला न्यायची असे कार्यकारिणीत ठरले आहे. बस ठरवायची आहे, तेव्हा नावे लवकर द्यावी. दशम्या कोणीही करायच्या नाहीत, जेवण पाचाडातच सांगून ठेवू. नातवंडे आणायला हरकत नाही. त्यांना घेऊन खाली कोणी बसायचे ह्याच्या पाळ्या मी लावल्या आहेत, पहिली पाळी माझी. दुसरीला अध्यक्षीणबाई तयार आहेत. तिसरीसाठी सभा संपल्यावर नाव सांगा, पुरुषमंडळींचेही चालेल.