निकाल वाचणारी चार माणसं



आम्हा गोंदियाकडच्या कामठ्याच्या माणसांना वडसा म्हटलं की आधी नाटक आठवतं. दिवाळी उलटली की झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि वडशाच्या नाटक कंपन्या रात्ररात्र जागवतात. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की सौंदड, अर्जुनी मागे टाकत वडसा येतं. 1972 साली या मार्गावर छोटी लाईन होती आणि वडसा, म्हणजेच देसाईगंज, चंद्रपूर जिल्ह्यात होतं. गडचिरोली जिल्हा व्हायला अजून दहा वर्षं होती.

न्यायाचे कायदे करणाऱ्यांना अभ्यासकांचा काय उपयोग होतो, हा आजचा विषय. अशा विषयावर बोलायचं म्हणजे दिल्ली-मुंबईचे दाखले द्यावे लागतील असं वाटतं. पण भारतातला बहुधा सर्वांत मोठा दाखला आपल्याच रेल्वेमार्गावरच्या एका पोलीस ठाण्यात सुरू होतो.

26 मार्च 1972 ची रात्र. आईवडील नसलेली, मजुरी करून पोट भरणारी एक आदिवासी मुलगी. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तिला कोणी पळवून नेलं अशी तक्रार तिच्या भावानं केली होती, म्हणून रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना देसाईगंजच्या ठाण्यात बोलावलं. जबाब झाले. साडेदहाच्या सुमारास मंडळी घरी निघाली, तेव्हा एका शिपायानं मुलीला थांबायला सांगितलं आणि बाकीच्यांना बाहेर काढलं. बाहेर उभ्या असलेल्यांना थोड्या वेळानं दिसलं, की ठाण्यातले दिवे मालवलेत आणि दार आतून बंद आहे. सोबतची बाई मागच्या बाजूला गेली, मुलीला हाका मारू लागली. गर्दी जमली. ठाणं पेटवून देऊ अशी भाषा झाली, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली. मुलीनं दोन पोलिसांवर आरोप केला.

तिचं नाव कायद्याच्या सगळ्या पुस्तकांत आहे. मी ते घेणार नाही. पीडितेचं नाव छापू नये हा नियम ज्या दुरुस्तीनं आला, ती दुरुस्ती तिच्या खटल्यामुळेच झाली. तिच्या स्वतःच्या वाट्याला मात्र ती सोय आली नाही.

1974 मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय होती, म्हणजे संमती असणार, असा तर्क. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. भीतीनं गप्प राहणं आणि राजी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं म्हणून एकाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. मग सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, तिला नेत असताना तिनं ओरडा केला नाही, तेव्हा बळजबरी शाबीत होत नाही. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावानं निकाल छापला गेला आणि प्रकरण मिटलं.

मिटलंच असतं. पण हा निकाल कायदा शिकवणाऱ्या चार माणसांनी वाचला. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर, आणि पुण्याच्या वसुधा धगमवार. सप्टेंबर 1979 मध्ये या चौघांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं.

त्यांनी काय शोधून काढलं? नवा साक्षीदार आणला नाही, नवा पुरावा आणला नाही. न्यायालयापुढे जी कागदपत्रं होती तीच वाचली. फरक इतकाच, की ती ठाण्याच्या आत उभ्या असलेल्या मुलीच्या जागेवरून वाचली. वय काय, घरची परिस्थिती काय, कायद्याची माहिती कितपत, वकील मिळण्याची शक्यता किती, गरीब माणसाला ठाण्याची भीती किती, हे प्रश्न निकालात कुठेच आले नाहीत, हे त्यांनी दाखवलं. रात्रीच्या वेळी मुलीला ठाण्यात बसवून ठेवण्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्द नाही, हेही. निकालाच्याच वर्षी, 1978 मध्ये, माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंच बायकांना ठाण्यात बोलावण्याबद्दल कडक शब्द वापरले होते. एका माजी मुख्यमंत्र्याला जे लागू, ते देसाईगंजच्या मजूर मुलीला का नाही, हा प्रश्न त्या पत्रातून आपोआप उभा राहतो.

संशोधन म्हटलं की आपल्याला आकडे आणि तक्ते आठवतात. ते हवेतच. पण हे पत्रही संशोधनच होतं, आणि माझ्या मते फार वरच्या दर्जाचं.

न्यायालयानं फेरविचार केला नाही. पण पत्र रस्त्यावर आलं. 8 मार्च 1980 ला मुंबईसह अनेक शहरांत बायकांनी मोर्चे काढले. सरकारनं विषय विधी आयोगाकडे सोपवला आणि आयोगानं एप्रिल 1980 मध्ये चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला. त्याच वर्षी विधेयक आलं, ते संयुक्त समितीकडे दोन वर्षं राहिलं, आणि डिसेंबर 1983 मध्ये कायदा झाला. बलात्काराला किमान सात वर्षं, पोलीस किंवा सरकारी नोकरानं ताब्यातल्या बाईवर केला तर किमान दहा. अशा खटल्यात बाईनं संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयानं ते धरून चालावं. सुनावणी बंद दाराआड. हे सगळं त्या रात्रीतून आलं.

इथपर्यंतची गोष्ट बरेचजण सांगतात आणि थांबतात. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

विधी आयोगानं 1980 मध्ये आणखीही बरंच सुचवलं होतं. बाईला सूर्यास्तानंतर अटक करू नये. तक्रार नोंदवायला नकार देणाऱ्या ठाणेदाराला तो गुन्हा मानून शिक्षा व्हावी. बाईचे पूर्वी कोणाशी संबंध होते हे उगाळून तिची साक्ष मोडू नये. संसदेनं शिक्षा वाढवण्याचा भाग उचलला आणि हा भाग टेबलावर ठेवला. पूर्वचारित्र्यावर बोट ठेवू देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम गेलं 2002 च्या दुरुस्तीनं. रात्रीच्या अटकेची बंदी आली 2005 च्या दुरुस्तीनं. आणि गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा आली 2013 मध्ये, दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समितीनं 29 दिवसांत अहवाल दिला तेव्हा. म्हणजे देसाईगंजच्या अभ्यासातून निघालेली सूचना अमलात यायला तेहेतीस वर्षं लागली, आणि तीही दुसऱ्या एका मुलीचा जीव गेल्यावर.

असं का व्हावं? माझा समज असा आहे, की शिक्षा वाढवायला सरकारला खर्च येत नाही. पुस्तकात सातच्या जागी दहा लिहायचं आणि सभागृहात बाकं वाजवायची. ठाण्याची रीत बदलायची तर महिला पोलीस लागतात, गाडी लागते, वरच्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. सरकारला चौकशीचं वावडं असतं असंही नाही. आमच्या कामठ्याच्या जमीनदारीत गावं किती, जमीन कोणती, सारा किती बसेल, हे इंग्रजांनी बारीकसारीक लिहून काढलं होतं. जे वसूल करायचं त्याची माहिती राज्यकर्ते आवडीनं गोळा करतात. जे द्यायचं आहे तिथे हात आखडतो.

कडक कायद्यानं काय साधलं हेही कोणीतरी पाहायला हवं होतं. ते मुंबईच्या वकील फ्लेविया ॲग्नेस यांनी पाहिलं. ऐंशीच्या दशकात बायकांसाठी झालेल्या कायद्यांचा आढावा त्यांनी 1992 मध्ये मांडला. किमान सात वर्षं सांगणाऱ्या कलमातच ‘पुरेशी आणि खास कारणं’ दाखवून शिक्षा कमी करण्याची फट ठेवलेली होती, आणि न्यायालयं त्या फटीतून खुशाल जात होती. आढावा 1992 चा. फट बुजली 2013 मध्ये. हिशोब तुम्हीच करा.

तुम्ही म्हणाल, हे जुनं झालं. मग 2020 चं घ्या. महाराष्ट्र विधिमंडळात शक्ती विधेयक आलं. बलात्काराला फाशीपर्यंत शिक्षा आणि तपास 15 दिवसांत पूर्ण. अनेक महिला संघटनांनी आणि वकिलांनी हरकती घेतल्या. बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा, काही वेळा घरातलाही असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे दर वर्षी सांगतात. काकाला किंवा शेजाऱ्याला फाशी होईल म्हटल्यावर घरचेच पोरीला गप्प बसवतील, ही त्यांची भीती होती. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं आणि 15 दिवसांचे 30 दिवस झाले. गोंदियातून नमुने नागपूरच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात, तिथे राज्याच्या या टोकाचं काम किती साचतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 30 चंही हसू येईल. डिसेंबर 2021 मध्ये विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि कायदा अमलात आला नाही.

विधेयक समितीकडे जातं तेव्हा लोकांकडून सूचना मागवतात. आपल्याकडून फारशा जात नसाव्यात असं मला वाटतं. आमगाव, सालेकसा, देवरीच्या कुठल्याही वकिलाला, अंगणवाडी ताईला किंवा पोलीस पाटलाला विचारा, ठाण्यात गेलेल्या बाईला पहिला अडथळा कुठे येतो. त्यांना तोंडपाठ असतं. ते चार पानांत लिहून काढलं, तारखा आणि गावं नोंदवली, नावं झाकली, की आमदाराच्या हातात द्यायला अभ्यास तयार. कॉलेजात समाजकार्य शिकणारी मुलं उन्हाळ्यात हे करू शकतील.

आणि आमदारांसाठीही एक काम आहे. गुन्हा नोंदवून न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षा सांगणारं जे कलम 2013 मध्ये आलं, ते आता भारतीय न्याय संहितेत 199 क्रमांकाचं झालंय. हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं, तिथे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीच्या आमदारांनी एक तारांकित प्रश्न टाकावा: 2013 पासून आजवर आपल्या तीन जिल्ह्यांत या कलमाखाली किती गुन्हे नोंदले गेले आणि किती पोलिसांना शिक्षा झाली? उत्तर काय येतं ते ऐकायला मी नक्की रेडिओ लावून बसेन.