सॅमनची ऊ

नॉर्वेचा पश्चिम किनारा म्हणजे डोंगरांच्या कुशींत खोलवर शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांचा प्रदेश होय. तेथेंच हित्रा बेटाजवळ १९७० सालीं सॅमन मासा तरंगत्या जाळीच्या पिंजऱ्यांत वाढविण्याचा उद्योग यशस्वी झाला. आज तो देश वर्षाकाठीं दहा लाख टनांहून अधिक सॅमन पिकवितो. या भरभराटीस ग्रासणारा शत्रु मात्र बोटाच्या नखाएवढा आहे.

खेंकडा व कोळंबी यांच्या दूरच्या नात्यांतला हा कवचधारी जीव. त्यास ‘सॅमनची ऊ’ म्हणतात. मादीच्या मागें अंड्यांच्या दोन माळा लोंबत असतात व त्यांत शेंकडों अंडीं असतात. अंड्यांतून निघालेलें पिलूं कांहीं खात नाहीं. अंगांतील बलकाच्या शिदोरीवर तें प्रवाहाबरोबर वाहत जातें. शिदोरी संपण्यापूर्वीं मासा भेटला तर तें त्यास चिकटतें, नाहीं तर मरतें. माशाची त्वचा, तिच्यावरील बुळबुळीत लेप आणि रक्त हेंच पुढें त्याचें अन्न.

पूर्वीं हिंवाळ्यांत खाड्यांमध्यें सॅमन विरळाच असे. त्यामुळें उवांची संख्या आपोआप घटे. पिंजऱ्यांमुळें तें अन्न आतां बाराही महिने सिद्ध असतें. वसंत ऋतूंत नदींतील रानटी सॅमनचीं वीसएक ग्रॅम वजनाचीं पिलें प्रथमच समुद्राकडे निघतात, तीं याच पिंजऱ्यांवरून. मोठा मासा कांहीं उवा सोसतो. पण पिलावर दहाबारा उवा वाढल्या कीं त्वचेस जखमा होतात, शरीरांतील क्षारांचा तोल ढळतो व तें दगावतें.

कायद्यानें दर माशामागें सरासरी अर्ध्या प्रौढ मादीची मर्यादा घातली. पिलांच्या प्रवासकाळीं ती ०.२ वर आणली. तथापि एका पिंजऱ्यांत २,००,००० मासे ठेवण्याची मुभा आहे. म्हणजे अर्ध्याच्या हिशेबानें, कायदा न मोडतांही, एका पिंजऱ्यांत १,००,००० माद्या अंडीं घालूं शकतात!

औषधें वापरलीं, तर उवा त्यांस सरावल्या. उवा वेंचून खाणारे लहान मासे सोडले, तर त्यांतील पुष्कळ पिंजऱ्यांतच मेले. कोमट पाण्याच्या स्नानानें उवा गळतात, पण मासाही तडफडतो.

म्हणून २०१७ मध्यें किनाऱ्याचे १३ विभाग पाडून निराळी व्यवस्था लागू झाली. उवांमुळें रानटी पिलांपैकीं शेंकडा १० हून कमी मरत असतील, तेथें हिरवा दिवा व वाढीस परवानगी; ३० हून अधिक मरत असतील, तेथें तांबडा दिवा व उत्पादनांत कपात. पिंजऱ्याच्या धन्याचा नफा अशा रीतीनें पिंजऱ्याबाहेरील पिलाच्या जीविताशीं बांधला गेला. समुद्रांतील जाळी मासा अडविते, पाणी अडवीत नाहीं. आणि उवेचें पिलूं पाण्याबरोबरच जातें.