तेलाच्या पापुद्र्याचं गणित



गुरुकुंज मोझरीच्या आसपास संत्र्याच्या बागांना ओलित सुरू असलं, की विहिरीवरच्या मोटारीचा आवाज जरा बदलला तरी शेतकऱ्याच्या कानाला कळतं. मिस्त्री येतो, पेचकसाचं टोक मोटारीच्या अंगाला टेकवतो आणि मूठ कानाशी धरतो. आत घरघर लागली की म्हणतो, "बेअरिंग गेलं, भाऊ."

आपल्या बंडीचंही तसंच. वंगण संपलं की चाक करकरतं. वंगणानं निसरडं होतं, एवढंच आपण धरून चालतो. पण तेल त्याहून मोठं काम करतं. 1883 च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉवर नावाचे अभियंते रेल्वेच्या बेअरिंगची परीक्षा करत होते. तेल सोडायला त्यांनी वरून भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी त्याच भोकातून वर आलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर! शेवटी दाबमापक लावला. बेअरिंगवरचा भार सरासरीनं चौरस इंचाला 100 पौंड, आणि काटा 200 च्या पुढे. फिरता दांडा तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता. त्या दाबानं सगळा भार तेलाच्या पापुद्र्यावर उचलला जात होता. 1886 साली ऑसबोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं समीकरण मांडलं. फटीची उंची, वेग आणि तेलाचा दाटपणा सांगा, कुठे किती दाब असेल ते निघतं.

अडचण अशी, की तेल कडेनं निसटतं. ते जागेवर धरून ठेवता आलं तर? 1963 साली अमेरिकेत नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी चुंबकानं ओढला जाणारा द्रव तयार केला. वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन हवं तिकडे नेता यावं, हा त्यामागचा हेतू होता. त्यात मॅग्नेटाइटचे अतिसूक्ष्म कण असतात. कण साधारण 10 नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत असे हजारो कण ओळीनं बसतील. एकमेकांना चिकटून गोळा होऊ नये म्हणून प्रत्येक कणावर ओलेइक आम्लासारख्या पदार्थाचा लेप असतो. बाटलीत हा द्रव काळ्या तेलासारखा दिसतो, पण खाली चुंबक आणा, पृष्ठभागावर काटे उभे राहतात.

1964 मध्ये न्यूरिंजर आणि रोझेनस्वाइग यांनी या द्रवाच्या प्रवाहाचं गणित बसवलं. त्याच वाटेनं रेनॉल्ड्सच्या समीकरणात चुंबकीय क्षेत्राच्या वर्गाचं एक पद येतं. आपल्याकडे वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात भट आणि देहेरी यांनी 1990 च्या दशकात यावर भरपूर काम केलं. दोन तबकड्या एकमेकींकडे दाबल्या जाताना मधला द्रव किती भार पेलतो, हा त्यांचा एक आवडता प्रश्न.

इथं एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. क्षेत्र सगळीकडे सारखं असेल, तर या गणितात चुंबकाचा भार पेलायला काहीच उपयोग होत नाही. क्षेत्र एका जागी जास्त, दुसऱ्या जागी कमी हवं. तेव्हाच द्रव जोराच्या जागेकडे ओढला जातो. म्हणून पुष्कळ प्रतिमानांत क्षेत्र मध्ये सर्वांत तीव्र आणि कडांना शून्य धरतात. गणित त्यानं सुटसुटीत होतं. पण तसं क्षेत्र देणारं चुंबक त्या इवल्या जागेत बसवायचं कसं, हे कागदावर सुटत नाही. माझ्या मते या विषयाचा खरा कस तिथं लागतो. शिवाय 1972 साली श्लियोमिस यांनी दाखवलं, की क्षेत्रामुळे कणांच्या गरगरण्याला अटकाव होतो आणि द्रव आणखी दाट वाटतो. म्हणजे भार पेलण्याबरोबर घर्षणाचाही हिशोब बदलतो. आणि उष्णता! तापलं की तेल पातळ होतं, कणांचं चुंबकत्वही मंदावतं. मे महिन्यातली आपल्याकडची दुपार आठवा.

शेतातल्या मोटारीच्या बेअरिंगमध्ये तूर्त ग्रीसच भरायचं. मात्र जिथं बुशमध्ये दांडा सरकत फिरतो आणि तेल सतत गळतं, तिथं हा द्रव आधी आजमावून पाहावा.