इंजिन खोलण्याआधी ठिणगी बघा

मागच्या वेळी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले, आज जुन्या गाडीवर बोलणार आहे. हसू नका, विषय पैशाचाच आहे.

माझ्या सासऱ्यांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पळायची, तीच. गटाचे पापड-कुरडया तिच्यातूनच आठवडी बाजाराला जातात. उन्हाळ्यात तिनं दगा द्यायला सुरुवात केली. सकाळी झटकन सुरू व्हायची, सात-आठ किलोमीटरवर गचके खायची आणि बंद पडायची. अर्धा तास गार होऊ दिली की पुन्हा सुरू. एका मेकॅनिकनं इंजिन खोलायचे पंचवीस हजार सांगितले. गटाकडून कर्ज घ्यायचा अर्ज मी लिहूनही ठेवला.

गटातल्या एका ताईंचे वडील जुने टॅक्सीवाले. ते म्हणाले, "पोरी, इंजिनच गेलं असतं तर सकाळी कशी पळाली असती? बंद पडेल तेव्हाच ठिणगी बघ."

मग भर रस्त्यात बघितली. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. पेट्रोल कुठं गळत नाही ना, हे आधी पाहिलं. एका प्लगची वायर काढून तिला जादा प्लग लावला आणि त्याचं लोखंडी अंग इंजिनला टेकवून ठेवला. हातात धरायचा नाही हं, झटका जोराचा बसतो! जाऊबाईंनी सेल्फ मारला. ठिणगी निळी, कडक हवी. आमची पिवळट, मेलेली. ती चांगली असती तर पेट्रोलकडे बघितलं असतं, कारण उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अशीच थांबते.

डेल्कोचं झाकण काढलं तर पॉइंट जळून काळे. कंडेन्सर कमजोर झाला की पॉइंट असे जळतात. तापल्यावर कॉइलही अशीच फसवते, पण ती महाग, म्हणून आधी पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. दोन्ही मिळून पाचशेच्या आत. फट मात्र अंदाजानं ठेवू नका. काकांनी फिलर गेजनं मोजली आणि टायमिंगही जुळवून दिलं. नव्या गाड्यांना पॉइंट नसतात, त्यांच्यावर हा प्रयोग करू नका.

कर्जाचा अर्ज फाडला. परवा भर दुपारी बाजार करून गाडी न थांबता घरी आली. हॉर्न अजून वाजत नाही, त्याचं या आठवड्यात बघते.